नर्सबाईची बिनदुधाची कॉफी

चांगुणा सोनकांबळे नर्स म्हणून माळकोनाळीला रुजू झाली तेव्हा ते गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. पाच वर्षांनी जिल्हा फुटला; ती जागची हलली नव्हती, तरी लातूर जिल्ह्यात गेली होती. उपकेंद्राच्या दारावरचा बोर्ड बदलला, शिक्के बदलले. तिचा बदलीचा अर्ज मात्र उस्मानाबादहून लातूरला आलेल्या कागदांच्या कुठल्या गठ्ठ्यात अडकला ते कुणालाच सांगता येईना. नवरा शेषेराव लोह्याच्या शाळेत मास्तर होता. लोहा नांदेड जिल्ह्यात, आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायचं म्हणजे दोन्हीकडच्या साहेबांच्या सह्या हव्यात. चांगुणा दर महिन्याला लातूरला खेप घालायची, बाकावर बसायची आणि संध्याकाळच्या बसनं परत यायची. तिथला कारकून एकदा सहज म्हणाला, "रेकॉर्ड साफ असू द्या बाई, होईल कधीतरी." तेव्हापासून रेकॉर्ड हा शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसला.

मुळात ती घोर लावून घेणारी बाई. सुया एकदा उकळून झाल्या तरी पुन्हा उकळायची. दाराची कडी लावली की नाही ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत फिरायची. बाळंतपण सुखरूप झालं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घराच्या अंगणात हजर, लेकरू रडतंय ना ते ऐकायला. तिची माय सरजाबाई तिच्याजवळच राहायची. ती म्हणायची, "तुझ्या जिवाला थाराच न्हाई, पोरी."

थारा होता, पण तो दिवसातून एकदाच, कॉफी करताना.

कॉफी तिला शिकवली नांदेडच्या ट्रेनिंगमधल्या वॉर्डन कमलम्मानं. कमलम्मा भालकीकडची, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. वसतिगृहातल्या पोरींपैकी चांगुणाच एक अशी की जिला पहिल्या घोटाला तोंड वाकडं करावंसं वाटलं नाही. मग कमलम्मानं तिला एकेक रीत दाखवली. पहिली साधी उकळायची: पाणी, गूळ आणि पूड एकदम चढवायची, वर फेस आला की खाली घ्यायची आणि थंड पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे गाळ तळाला बसतो. दुसरी फडक्याची. गिलासाच्या तोंडाला मलमल बांधायची, तिच्यात पूड घालायची आणि वरून उकळतं पाणी हळू सोडायचं. ही जरा उंची. तिसरी पितळी फिल्टरची. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला सुईएवढी भोकं. पूड दाबून बसवायची, पाणी ओतायचं, झाकायचं आणि तासभर त्याच्याकडे बघायचंही नाही. खाली थेंबथेंब काळाभोर अर्क उतरतो, त्यात दूध घालून प्यायचं. ट्रेनिंग संपलं तेव्हा कमलम्मानं आपला जुना फिल्टर चांगुणाच्या पेटीत ठेवला आणि म्हणाली, "घाई केलीस तर कडू पाणी पिशील, बघ."

माळकोनाळीला चांगुणा तिन्ही रीतीनं कॉफी करायची. घाईच्या दिवशी उकळून, बाजाराच्या दिवशी फडक्यातून, रविवारी फिल्टरची. पूड उदगीरहून आणायची. गावात हे पिणारं दुसरं कुणी नव्हतं. सरजाबाईसुद्धा नाक मुरडायची.

बोर्ड बदलला त्याच साली पावसानं दगा दिला. पौषातच विहिरींचे तळ दिसायला लागले, माघात टँकर सुरू झाला. टँकर चावडीपाशी उभा राहायचा. आधी वरच्या आळीच्या घागरी भरायच्या, मग खालच्या. बौद्धवाड्याच्या रांगेत चांगुणाची कळशी असायची, नर्सबाई असली तरी. कित्येकदा तिच्यापर्यंत यायच्या आत पाणी संपायचं. त्या मचूळ पाण्यात डाळ शिजत नव्हती, आणि गावातल्या म्हशी तर कधीच आटल्या होत्या. मग दूध कुठलं? उकळून करायची रीत चांगुणानं सोडून दिली, कारण हबका मारायला पाणी नाही आणि गाळाबरोबर अर्धा घोट फुकट जातो. फडक्याची पण सोडली, फडकं धुवायला पाणी लागतं म्हणून. राहिला फिल्टर. त्याला एकच गिलास पाणी लागायचं आणि स्टोव्हवर एकच उकळी. तीन चमचे पूड घातली की पहिला अर्क निघायचा. त्याच पुडीवर पुन्हा अर्धा गिलास पाणी सोडलं की दुसरा, जरा फिका. दोन दिवसांची सोय व्हायची.

त्या दिवसांत शिवकांता तिच्या दारात आली.

शिवकांता अण्णारावची बायको. लिंगायतांचं घर, वरच्या आळीतलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आत्ता कुठे दिवस गेले होते. पिण्याच्या पाण्यासाठी वरच्या आळीच्या बाया अर्ध्या कोसावरच्या मळ्यातल्या विहिरीला जायच्या. उपकेंद्र आणि त्यातलं चांगुणाचं बिऱ्हाड गावाबाहेर, त्याच वाटेवर. एका सकाळी डोक्यावरच्या दोन घागरी ओट्यावर उतरवून ती खांबाला धरून ओकायला लागली. चांगुणानं तिला बसवलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, दिवस विचारले. तिसरा लागला होता.

"चहाचा वास बी सहन होईना," शिवकांता म्हणाली. मग नाक वर करून तिनं हवा ओढली. "बाई, तुमच्या घरात कॉफी करूलालेत का?"

"तुला कसं कळालं?"

"माहेरी करतेत की. बीदरकडं. माझा अप्पा सकाळी कॉफीबिगर बोलत बी न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाली, "वाईच द्याल का?"

चांगुणानं वाटेकडे पाहिलं. वाट मोकळी होती. वरच्या आळीच्या सुनेनं चांगुणाच्या घरचं भांडं तोंडाला लावलं हे कुणी पाहिलं असतं तर बोल दोघींना लागला असता. पण पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. चांगुणानं अर्धा गिलास अर्क गूळ घालून दिला. शिवकांतानं तो एका दमात प्यायला आणि डोळे मिटून घेतले. ओकारी थांबली. जाताना तिनं आपल्या घागरीतलं तांब्याभर गोडं पाणी चांगुणाच्या कळशीत ओतलं आणि घागरी उचलून निघून गेली.

मग ते रोजचंच झालं. शिवकांता दुसऱ्या खेपेला थांबायची, अर्धा गिलास कॉफी प्यायची, तांब्याभर पाणी ओतायची. गोड्या पाण्यानं कॉफीची चव सुधारली. शिवकांताच्या गालावर रंग दिसायला लागला. पहिला घट्ट अर्क चांगुणा तिला द्यायची आणि स्वतः दुसऱ्या पाण्याचा फिका घ्यायची. आल्या माणसाला चांगलं द्यावं, एवढंच तिच्या मनात असायचं.

चैत्रात एका सकाळी शिवकांता आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी सरजाबाई टँकरवरून रिकामी कळशी घेऊन आली आणि दाराशीच म्हणाली, "अण्णारावच्या बायकोचं पोट पडलं जणू."

चांगुणाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

ती तडक वरच्या आळीला गेली. अण्णारावची आई गौरम्मा दारातच उभी होती. उंच, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. पाच वर्षांत चांगुणानं त्या घरच्या दोन बाळंतिणी पाहिल्या होत्या आणि गौरम्मा तिच्याशी कधी वावगं बोलली नव्हती. आज तिनं उंबऱ्यावर हात आडवा धरला.

"काय पाजलीस माझ्या सुनंला?"

"अव्वा, आधी मला तिला बघू द्या. अंगावरून किती गेलं, ताप हाय का..."

"तापात तिनंच सांगितलं. रोज काळं पाणी पीत होती तुझ्या घरी. ते कशाचं होतं?"

"कॉफी होती."

"कॉफी," गौरम्मा म्हणाली. हा शब्द तिनं असा उच्चारला की अंगणातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. गावात आणीबाणीतल्या नसबंदीच्या ऑपरेशनच्या गाड्या कुणी विसरलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत खालच्या आळीतसुद्धा पोचलं की नर्सबाई पोरं न व्हायचं औषध काळ्या पाण्यात घालून पाजते. गावानं लातूरला अर्ज धाडला आणि खाली सतरा अंगठे उमटले. शिवकांताला बैलगाडीतून जळकोटला नेलं, तिथं डॉक्टरांनी पिशवी साफ केली. तिचा जीव वाचला, एवढं चांगुणाला दुसऱ्याच माणसाकडून कळलं.

अफवेचं तिला वाईट वाटलं, पण भीती वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. औषध नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण कॉफीच असली तरी? ट्रेनिंगच्या वहीत चहा-कॉफी बेताची असावी असं एक वाक्य होतं. बेताची म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नव्हतं. ती दिवसभर हिशेब करत बसायची. शिवकांता सव्वीस दिवस आली. एक दिवस आपण लातूरला गेलो होतो, म्हणजे पंचवीस. उकळलेली असती तर एका माणसाला एकच चमचा पूड लागली असती. फडक्याची असती तरी पाणी भर्रकन खाली गेलं असतं. पण आपण फिल्टर लावत होतो. तीन चमचे, तासभर मुरलेले, दूध नाही, आणि त्यातला पहिला अर्क तिला. फिका आपण प्यालो. उलट केलं असतं तर?

"ह्या वर्साला कितीजणींचं पडलं," सरजाबाई समजावायची. "दुष्काळ हाय. अंगात रगत न्हाई कुणाच्या."

"माय, मी नर्स हाय. मला ठाऊक पाहिजे होतं."

आठव्या दिवशी ती उदगीरला गेली, सरकारी दवाखान्यातल्या लेडी डॉक्टरकडे. डॉक्टरीणबाईंनी पेशंट संपवले, खुर्चीला पाठ टेकली आणि विचारलं, "कशी करता तुम्ही कॉफी?" चांगुणानं सगळं सांगितलं: चमचा केवढा, पाणी किती, झाकण किती वेळ. पिशवीतून फिल्टर काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी वरचं भांडं उजेडात धरून त्याची भोकं बघितली.

"फार घट्ट होत असणार ही," त्या म्हणाल्या. "मी आपली बाटलीतली पूड दुधात ढवळते." मग गंभीर झाल्या. "हे बघा, आता आता काही लोक लिहायला लागलेत की गरोदरपणी जास्त कॉफी नको. काही म्हणतात, काही होत नाही. आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ पडणं... दहा बायकांत एकीचं, कधी दोघींचं असं होतंच. का झालं ते बहुतेक वेळा कळतच नाही. ती पाणी किती लांबून आणत होती?"

"अर्ध्या कोसावरून. दिवसाला सात-आठ खेपा."

"मग?"

"मग कॉफीनं झालं नाही, असं समजू का मॅडम?"

डॉक्टरीणबाईंनी फिल्टर तिच्यापुढे सरकवला. "तसं मी सांगू शकत नाही. कॉफीनं झालं असंही सांगू शकत नाही."

परतीच्या बसमध्ये चांगुणाला वाटलं, यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वैशाखात लातूरहून साहेब चौकशीला आले, बरोबर जळकोटचे डॉक्टर. जीप उपकेंद्रापुढे थांबली आणि गाव गोळा झालं. आदल्या दिवशी शेषेराव लोह्याहून मुद्दाम आला होता. त्यानं आणि सरजाबाईनं मिळून तिला सांगितलं होतं, चहा होता म्हण. गूळ घातलेला कोरा चहा. कुणी पाहिलंय? पोरगी तापात काहीही बोलली असेल. चहा सगळं गाव पितं, बात संपली. चांगुणानं हो म्हटलं होतं. साहेब ओट्यावरच्या खुर्चीत बसून कागद काढीपर्यंत तिच्या तोंडात चहाच होता.

"तुम्ही या बाईला काय दिलंत?" साहेबांनी विचारलं.

"कॉफी," चांगुणा म्हणाली.

शेषेरावानं मान खाली घातली.

"दुसरं काही औषध?"

"रक्तवाढीच्या गोळ्या. रजिस्टरात नोंद हाय. कॉफीची नोंद नाही. पंचवीस दिवस दिली, रोज अर्धा गिलास. फिल्टरची, घट्ट." तिनं पुडीचा डबा साहेबांपुढे ठेवला. "तिला उलट्या होत होत्या, कॉफीनं थांबायच्या, म्हणून देत गेले. त्यानं वाईट होईल असं मला ठाऊक नव्हतं. झालं का, ते अजून बी ठाऊक नाही."

जळकोटचे डॉक्टर डबा उघडून पूड हुंगत होते. "कॉफीच आहे साहेब," ते म्हणाले.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून शिवकांता पुढे आली. ती इतकी वाळली होती की चांगुणानं तिला आधी ओळखलंच नाही.

"मीच मागून प्याले," ती म्हणाली. "बाईनं बोलावलं न्हवतं. आणि फुकट प्याले न्हाई, आपल्या घागरीतलं पाणी देत होते त्येंला."

गर्दीत कुजबुज झाली. पाणी दिलं हे कॉफीपेक्षाही मोठं होतं. अण्णाराव तिला घरी नेण्यासाठी पुढे झाला, पण साहेबांनी हात वर केला.

"रोज किती पाणी आणायच्या तुम्ही?"

"सोळा घागरी. कधी चौदा."

"पोटात असताना?"

"तवा बी."

सगळ्यांची नजर गौरम्माकडे गेली. ती ताठ उभी होती. "मीबी आणल्या," ती साहेबांना म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात याच्या दुप्पट आणल्या. त्या वर्सी माझं एक गेलं, आन त्याच्या आधी एक. तवा कुणी जीप घिऊन इचारायला आलं न्हवतं." पदरानं नाक पुसून ती वळली आणि गर्दीतून चालती झाली. शिवकांता तिच्या मागं गेली.

साहेबांनी कागदावर बरंच लिहिलं. जाताना चांगुणाला म्हणाले, "इथून पुढं पेशंटला घरचं काही द्यायचं नाही. समज दिल्याचं लिहितोय." मग जरा घुटमळून त्यांनी विहिरीचं अंतर किती ते विचारून घेतलं. पंधरा दिवसांनी टँकरची एक खेप वाढली. ती त्या कागदामुळे वाढली की आधीच ठरली होती, कुणी सांगितलं नाही. बदलीचा अर्ज मात्र त्या साली गठ्ठ्यातून सापडला आणि नामंजूर होऊन परत आला, कारण लिहिलेलं नव्हतं. शेषेराव तिला एका शब्दानं बोलला नाही. तो बोलला नाही, याचाच तिला कित्येक महिने त्रास होत राहिला.

पुढच्या मृगात पाऊस वेळेवर आला. दिवाळीनंतर शिवकांताला पुन्हा दिवस गेले. ती तपासायला आली तेव्हा घरात फिल्टर ठिबकत होता. वास दोघींच्याही नाकात शिरला होता. चांगुणानं उठून सुंठ-गुळाचं पाणी उकळलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"मला पाजायला भ्यायलालीस, बाई."

"हाव," चांगुणा म्हणाली. "लई भ्याले."

शिवकांतानं सुंठेचं पाणी घोटघोट संपवलं. तिच्या वाटच्या घागरी आता अण्णाराव सायकलला बांधून आणत होता. तरी तिसरा महिना सरेपर्यंत चांगुणाला घास गोड लागला नाही. वरच्या आळीकडून कुणी येताना दिसलं की ती हातातलं काम टाकून ओट्यावर यायची. चौथा लागला, पाचवा लागला. सातव्यात ती स्वतः जळकोटपर्यंत बरोबर गेली आणि डॉक्टरांकडून लेकराचे ठोके तपासून घेतले.

श्रावणात, सोमवारी सकाळी, शिवकांता बाळंत झाली. मुलगी. लेकरू बाहेर आलं आणि रडेना. चांगुणानं तोंडातला चिकटा पुसला, तळपायाला टिचक्या मारल्या, पालथं धरून पाठ चोळली. किती वेळ गेला ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. गौरम्मा म्हणायची, दिवा लावून वात सारण्याइतका. मग लेकरानं टाहो फोडला आणि चांगुणा भिंतीला टेकून खाली बसली.

पाचव्या दिवशी गौरम्मानं सांगावा धाडला: ते पितळंचं भांडं घेऊन ये. चांगुणा गेली. गौरम्मा तिला ओट्यावर न थांबवता आत घेऊन गेली, थेट चुलीपाशी. त्या घरात आतवर चांगुणा बाळंतिणीच्या खोलीपुरतीच जायची. ती उंबऱ्यापाशी थबकली.

"ये की," गौरम्मा म्हणाली. "ही पोरगी दोन दिस झाले, कॉफी कॉफी करूलालीय. मला येत न्हाई ते. तूच कर. मी बघते."

आधणाला उकळी आली. चांगुणानं डबा उघडला आणि चमचा बुडवला. गौरम्मा शेजारी उकिडवी बसून एकेक हालचाल बघत होती.

"किती घालतीस?"

"तुम्ही सांगा, अव्वा."

गौरम्मानं थोडा विचार केला. "लेकरू अंगावर पिणार हाय. एकच घाल."

चांगुणानं सपाट एक चमचा घातला, पाणी सोडलं, झाकण ठेवलं. दोघी तिथंच बसून राहिल्या. अर्क भराभर उतरला, पुडीचा थरच तेवढा पातळ होता. गौरम्मानं त्यात आपल्या हातानं घरच्या म्हशीचं दूध ओतलं आणि गिलास सुनेला नेऊन दिला. शिवकांतानं एक घोट घेतला.

"लई पातळ झाली," ती आतून म्हणाली.

"तसंच पी," गौरम्मानं चुलीपासूनच सांगितलं.

चांगुणाची बदली लोह्याला झाली ती आणखी पाच वर्षांनी. मधल्या काळात तिनं माळकोनाळीत शंभरावर बाळंतपणं केली, आणि पोटुशी बाई दारात दिसली की ती आधी फिल्टर आत नेऊन ठेवायची.